खंडेनवमीचा क्लच

गिअरबॉक्स खाली आला आणि त्याच्याबरोबर आमचे मालकही खाली बसले.

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. शेडमधल्या, गाडीखालून काम करायच्या खड्ड्यातून नुसतं "आई गं" एवढंच ऐकू आलं. पिठाचे हात तसेच घेऊन धावले. मालक खड्ड्यात उकिडवे, एक हात कमरेवर, दुसरा गिअरबॉक्सवर, आणि दोन्ही गडी काठावरून वाकून विहिरीत पडलेलं रेडकू बघावं तसे बघत होते.

"बघालासा काय? काढा की वर!" मी ओरडले.

"आधी गिअरबॉक्स कडंला घ्या," मालक दात आवळून म्हणाले. "सिस्टरच्या गाडीचा हाय."

मालक म्हणजे माझा नवरा, हिंदुराव लोहार. गडहिंग्लजला आमचं गॅरेज. पुढं पत्र्याची शेड, मागं आमच्या दोन खोल्या आणि मध्ये एकेरी विटेची भिंत. मालकांची कंबर धरली ती अष्टमीच्या दुपारी, सत्त्याण्णव साली. गड्यांनी त्यांना झोळीत घालावं तसं उचलून भिंतीलगतच्या खाटेवर टाकलं. तिथून पुढं तीन दिवस ते कुशीवर वळले तरी मोठी गोष्ट होती.

गाडी एस्तेर सिस्टरांची. आकाशी रंगाची जुनी फियाट. सिस्टर सरकारी दवाखान्यातून रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, वय अडुसष्ट, उंची जेमतेम पावणेपाच फूट. चालवताना उशीवर बसायच्या, तरी रस्त्यावरून बघणाऱ्याला गाडी आपोआप चाललीय असंच वाटायचं. अर्धा गाव त्यांच्या हातावर जन्मलेला, माझे दोन्ही पोरगे त्यातच आले. रिटायर झाल्या तरी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुणी अडली की निरोप दवाखान्यात जायच्या आधी सिस्टरांकडं जायचा आणि फियाट निघायची.

एक खोड मात्र होती. त्यांचा डावा पाय कायम क्लचवर. मालकांनी शंभरदा सांगितलं, "सिस्टर, गिअर पडला की पाय काढायचा." त्या हो म्हणायच्या आणि नाही काढायच्या. म्हणायच्या, पाय ठेवला की गाडी ताब्यात असल्यासारखी वाटते. अशानं क्लचची प्लेट झिजून झिजून आतल्या रिबेटांपर्यंत, म्हणजे धातूच्या खिळ्यांपर्यंत, आली. इंजिनाच्या पाठीला एक जाड लोखंडी चाक असतं, फ्लायव्हील म्हणतात त्याला. प्लेट त्यालाच चिकटून फिरते. रिबेटांनी त्या चाकावर चरे पाडले. शेवटी गाडी चढावर नुसती बोंबलायची, पुढं काही सरकायची नाही. मालकांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं, कोल्हापूरहून दोन्ही वस्तू नव्या आणल्या आणि सिस्टरांना शब्द दिला, नवमीच्या आत गाडी दारात लावतो.

नवमीच्या आत, कारण खंडेनवमीला लोहार हत्यार उचलत नाही. वर्षभर राबणारी हत्यारं त्या दिवशी पूजेला बसतात, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं लुटून झाल्यावरच उतरतात. मालकांच्या आज्यानं म्हणे एकदा नवमीला कुणाच्या तरी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवली आणि भट्टीत करंगळी गमावली. लोहाराच्या घरात पोरं ही गोष्ट पाळण्यात असल्यापासून ऐकतात. मला ती कधी पटली नाही. अष्टमीला धाव बसवली असती तर करंगळी वाचली असती का, हे विचारायला आजा शिल्लक नव्हता.

नवमीच्या सकाळी गड्यांनी शेडमध्ये पाट मांडला, विश्वकर्म्याची तसबीर ठेवली, पाने, हातोड्या, जॅक, सगळं धुऊन पुसून रचलं. मालकांनी खाटेवरूनच मंत्र म्हटले आणि आरती ओरडून सांगितली. मी हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचा हा ढीग घातला. गडी सणाला गावी गेले. पोरं आधीच माझ्या माहेरी, आजऱ्याला गेली होती. गाडी खड्ड्यावर तशीच उभी होती, पोट फाडून ठेवलेली.

दहा वाजता सिस्टर रिक्षातून उतरल्या. पांढरी साडी, हातात पिशवी, आणि चेहरा असा की मी आधी त्यांना पाणीच दिलं.

"हिंदुराव, गाडी?" त्या खाटेपाशी उभ्या राहिल्या.

"सिस्टर, कंबर गेली. उद्या सांच्याला हत्यारं उतरली की गडी बोलवून घेतो, परवा सकाळी गाडी तुमच्या दारात."

"परवाचं काय करू मी? विल्सन उद्या सकाळी आठच्या एसटीनं उतरतोय."

विल्सन त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. गेलं वर्षभर त्याचा एकच धोशा होता, आई, आता पुरे, पुण्याला चल. सिस्टरांचा एकच जप होता, नाही. दोन दिवसांपूर्वी फोनवर दोघांचं वाजलं आणि दोघांनी पैज लावली.

"तो म्हणाला, तुझी गाडी चालत नाही, तू चालवू शकत नाहीस, मग तिथं एकटी राहून करतेस काय? मी म्हणाले, दसऱ्याला ये, स्टँडवर तुला न्यायला मीच येते, माझ्याच गाडीतून. तो म्हणाला, आलीस तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलीस तर गाडी भंगारात आणि तू माझ्याबरोबर." सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. "तिसऱ्या मजल्यावर ठेवेल मला हिंदुराव. दिवसभर गॅलरीत बसून दुसऱ्यांची धुणी बघायची. वाईट नाही तो. पण मी तिथं कुणाच्या कामाची?"

मालकांनी डोळे मिटले. त्यांचा शब्द एकीकडं आणि नेम दुसरीकडं, आणि मध्ये ते स्वतः कमरेत मोडलेले.

"सिस्टर, माझा जीव मागा. आज हत्यार न्हाई. गावात आज कुणीच पाना उचलणार न्हाई."

सिस्टर उठून शेडमध्ये गेल्या. मी मागोमाग गेले. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून गाडीकडं बघत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत, पण नाक दोनदा पुसलं.

"मालन," त्या हळूच म्हणाल्या, "तुला येतं का गं हे?"

आता मला येतं का म्हणजे काय सांगू. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. त्यातली पहिली नऊ वर्षं गॅरेजला गडी नव्हता. खड्ड्याच्या काठावर बत्ती धरून मीच बसायची. सतराचा पाना दे, चौदाचा दे, फडकं दे. क्लच उतरताना आणि चढताना मी पन्नास वेळा तरी पाहिला असेल. पुढं गडी आले आणि मी चुलीपाशी गेले. तुला जायचंय का, असं मला कुणी विचारलं नाही. त्याचं मला वाईट वाटायचं. पण वाईट वाटतं म्हणून भाकरी थापायची राहत नाही.

"येतं," मी म्हणाले. "पण मी लोहाराची सून. पूजेतला पाना मी कसा उचलू?"

सिस्टरांनी झेंडूच्या ढिगाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मी उचलला तर?"

"तुम्हाला काय, तुम्ही ख्रिश्चन."

"आणि उचलून तुझ्या हातात दिला तर?"

मी जरा विचार केला. "दिलेलं घ्यावं. सणासुदीला कुणी काही दिलं तर नाही म्हणू नये."

सिस्टरांनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि विश्वकर्म्यापुढं हात जोडले. "रागावू नका बाबा. आमचा येशूही सुताराच्याच घरचा," असं म्हणून त्यांनी फुलांत हात घातला आणि पहिला पाना बाहेर काढला.

फुलं लगेच खाली बसली. मला ते बघवेना. मध्येच मालकांना कुणी धरून आणून उभं केलं तर पूजा रिकामी दिसायची. मी आत जाऊन उलथनं, सांडशी, झारा, पळी आणि खलबत्ता घेऊन आले आणि पान्यांच्या जागी एकेक सरकवलं. वर चिमूटभर कुंकू टाकलं. सतरा वर्षं राबत होती ती हत्यारं, त्यांना अजून कुणी झेंडूचं फूल दाखवलं नव्हतं.

"मालन!" भिंतीपलीकडून आवाज आला. "काय करालीस तिकडं?"

"सैपाक!"

"शेडमंदी?"

"सिस्टरांना पूजा दावतोय!"

आम्ही खड्ड्यात उतरलो. साडी खोचली, डोक्याला फडकी बांधली. आधी वरचं ताटासारखं झाकण सोडवायचं, त्याला प्रेशर प्लेट म्हणतात. सहा बोल्ट. पाचवा बोल्ट सोडताना पाना निसटून फरशीवर पडला आणि खणकन वाजला.

भिंतीपलीकडं खाट करकरली. मग, "चौदाचा रिंग पाना वाजला."

"पळी पडली!"

"पळी असा आवाज करत न्हाई."

"पितळी हाय!"

सिस्टर तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मला मात्र हसू येईना, कारण हा माणूस रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचा कुठला बोल्ट सैल आहे ते सांगायचा. त्याला पळीचं सांगत होते मी!

झाकण निघालं, प्लेट हातात आली. कुठं कापडाएवढी जाड, कुठं नुसता पत्रा. फ्लायव्हीलवर हे मोठाले चरे आणि तापून तापून निळे पडलेले डाग.

"हे मी केलं?" सिस्टरांनी विचारलं.

"तुमच्या डाव्या पायानं."

"अरे देवा." त्यांनी पायाकडं असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

फ्लायव्हीलचे बोल्ट हलेनात. मी पान्यावर पाइप घातला, पाइपवर उभी राहिले आणि गाडीला धरून अंगाचा भार टाकला. एकेक बोल्ट रेड्यासारखा रेकत सुटला. जुनं चाक काढताना आधी त्याच्यावर आणि मागच्या इंजिनाच्या दांड्यावर खडूची खूण करायची, नवं त्याच जागी बसवायचं, एवढं मला पक्कं आठवत होतं. शेवटचा बोल्ट निघाला आणि चाक माझ्या हातातून सुटलं. खड्ड्यात धाडकन आवाज झाला. शेडचे पत्रे थरथरले.

"मालन! आता काय पडलं?"

"पाटा!"

"पाटा उचललास कशाला?"

"वरवंटा सापडंना!"

मग जरा बारीक आवाजात, "पायावर पडला न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"सांभाळून वाट."

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग दोघी नव्या चाकाकडं वळलो.

नवं चाक पुसून खुणेवर बसवलं. बोल्ट समोरासमोरचे आवळत गेले. इथवर सगळं माझ्या ओळखीचं. मग नवी प्लेट हातात घेतली आणि मी अडले. प्लेटच्या मधोमध एक बोंडूक, म्हणजे भोक असलेला फुगवटा, असतं, एका बाजूला ते जास्त पुढं आलेलं. ते इंजिनाकडं ठेवायचं की गिअरबॉक्सकडं? जुनी प्लेट कशी निघाली ते मी घाईत बघितलंच नव्हतं. पन्नास वेळा बत्ती धरली, पण नेमकं तेवढं काम मालकांच्या पाठीआड व्हायचं.

"कशीही घाल की. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात," सिस्टर म्हणाल्या.

"दिसतात. पण उलटी बसली तर क्लच सुटत नाही. सगळं परत खाली, आणि मग उद्या आठला तुम्ही पायी जा स्टँडवर."

सिस्टरांचं हसू गेलं. वर घड्याळात दोन वाजून गेले होते. मी प्लेट या बाजूनं बघितली, त्या बाजूनं बघितली. मला आता रडूच यायला लागलं. नवऱ्याला विचारावं तर त्याचा नेम मोडायचा, न विचारावं तर या बाईचं घर मोडायचं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मालकांचा आवाज आला. माझ्याशी नाही, सिस्टरांशीही नाही. खाटेसमोर माझ्या सासऱ्यांचा फोटो आहे, त्यांच्याशी चाललं होतं, आणि चांगलं मोठ्यानं.

"आबा, आज सणाचा दिस. तुमची लई आठवण येतीया. तुमी काय सांगायचा? पोरा, प्लेटचं पोट गिअरबॉक्सकडं आन पाठ इंजिनाकडं. पोट म्हंजे जिकडं बोंडूक म्होरं येतंय ती बाजू. लई ध्येनात हाय बगा आबा माज्या."

मी प्लेट फिरवली. पोट गिअरबॉक्सकडं.

"आन आबा, तुमी म्हणायचा, झाकण आवळायच्या आदी प्लेट मदोमद धरायची, त्येच्यात दांडी घालायची. दांडी घावली न्हाई तर कायबी निमुळतं लाकूड घ्यायचं."

ती दांडी पूजेत थेट तसबिरीखाली होती आणि तसबीर हलवायचं धाडस सिस्टरांनाही झालं नाही. मी आत धावले. खाटेजवळून जाताना मालक फोटोकडंच बघत होते. मी लाटणं घेऊन परत निघाले, तरी त्यांनी मान वळवली नाही. लाटण्याचं टोक प्लेटमधून थेट चाकामधल्या भोकात गेलं, मापानं कातल्यासारखं. झाकण आवळलं, लाटणं काढलं, प्लेट मधोमध.

आता राहिला गिअरबॉक्स. वजन तसं एका पोत्याचं नाही, पण खालून वर, डोक्याच्या उंचीवर, आणि त्याचा शाफ्ट बरोबर त्या बोंडकात. इथंच मालकांची कंबर गेली होती.

"चादर आण," सिस्टर म्हणाल्या. "जाड पेशंट दोन बायका कशा उचलतात ते दाखवते तुला."

चादर गिअरबॉक्सखालून घातली. दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. एक, दोन, तीन म्हणत उचललं आणि मी एका हातानं खाली तांदळाचा डबा सरकवला. पुन्हा उचललं, डब्यावर पाट. पुन्हा, पाटावर पाट. असं करत तो वरपर्यंत गेला. शाफ्टचं टोक आत शिरलं आणि चार बोटं अंतर राहिलं असताना अडलं. मी मागून खांदा लावला. सिस्टर बाजूनं शाफ्टवर नजर ठेवून होत्या, आणि चाळीस वर्षांची सवय, त्यांच्या तोंडून आपोआप यायला लागलं.

"जोर लाव बाई, जोर! शाबास! सोडू नको, सोडू नको! श्वास घे. आता पुन्हा, लाव जोर!"

मी दात आवळून कण्हत होते.

"कोण अडलंय गं?" भिंतीपलीकडून.

"म्हैस!" सिस्टर ओरडल्या. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं जे पहिलं सुचलं ते.

"कुणाची?"

"शेजारची!"

"सिस्टर, डोकं सरळ आलंय का बगा. वाकडं असंल तर जोर लावू नका, शाफ्ट मोडंल!"

"म्हशीचा?" सिस्टरांनी विचारलं.

मी खांद्यावर गिअरबॉक्स घेऊन हसत होते आणि हसताना तो आणखी जड होत होता.

मग मालकांनी सगळी लाज सोडली. "आगं, मागची बाजू जरा फिरीव आन मग ढकल! दात दातात बसले की आपसूक जाईल!"

मी फिरवला. ढकलला. गिअरबॉक्स सुळकन आत गेला आणि त्याचा कडेचा काठ इंजिनाला टेकला. सिस्टर खाली तांदळाच्या डब्यावर बसल्या.

"जन्मभर बाहेर काढायचं काम केलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आत घालायची ही पहिलीच वेळ."

पाच वाजता सगळं जागेवर होतं. सिस्टर उशी घेऊन बसल्या, किल्ली फिरवली. इंजिन लागलं. पहिला गिअर पडला, गाडी हातभर पुढं आली, हातभर मागं गेली. त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मग मात्र रडल्या.

पाने रॉकेलनं पुसून त्यांनीच परत पूजेत ठेवले. मी उलथनं-सांडशी काढून घेतली आणि मालकांसाठी चहा घेऊन आत गेले. आता काय बोलणार हे मनात सतरा वेळा म्हणून बघितलं होतं. त्यांनी कप घेतला नाही, माझा हात घेतला. नखांत काळं ग्रीस, कोपराला खरचटलेलं.

"आज भाकऱ्यांना तेल जास्त लागलं वाटतं," ते म्हणाले.

"व्हय."

"क्लचचं पेडल मोकळं किती सोडलंस?"

"एक इंच."

"ब्येस." त्यांनी हात सोडला आणि चहा घेतला. "मी कायबी इचारलेलं न्हाई. तू कायबी सांगितलेलं न्हाई."

"न्हाई."

"आन बोल्ट समोरासमोरचे?"

"समोरासमोरचे."

त्यांनी आबांच्या फोटोकडं पाहिलं आणि गालातल्या गालात हसले. मला त्यांचा राग आला, इतकी वर्षं हे सगळं मला येतं हे माहीत असून चुलीपाशी बसवलं म्हणून. आणि त्यांच्यावर जीवही आला, तितकाच. दोन्ही एकदम. मी रिकामा कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

दसऱ्याच्या सकाळी सिस्टर मला घ्यायला आल्या. वाटेत काही झालं तर सोबत हवी, म्हणाल्या. आठला पाच मिनिटं असताना आम्ही स्टँडवर. एसटी आली. विल्सन उतरला, बॅग खांद्याला, चाळिशीचा, चष्मा. त्यानं आधी रिक्षांकडं पाहिलं. मग आकाशी फियाट दिसली आणि तो जागच्या जागी थांबला.

"कुणी केलं काम?" गाडीत बसता बसता त्यानं विचारलं. "काल तर नवमी. सगळी गॅरेजं बंद."

"विश्वकर्म्यानं," सिस्टर म्हणाल्या.

"आई, अजून घर यायचंय. चर्चच्या चढावर बघू."

चर्चचा चढ म्हणजे गाडीची खरी परीक्षा. त्यात दसरा. निम्म्यावर गेलो आणि पुढं हार घातलेला एक ट्रॅक्टर आडवा. त्याला कुणीतरी नारळ फोडत होतं. सिस्टरांना भर चढावर गाडी थांबवावी लागली. मागं दोन मोटारसायकली. ट्रॅक्टर हलला. आता चढावर उभी गाडी उचलायची, मागं न घसरता. सिस्टरांचे ओठ घट्ट मिटले. पाय हळूहळू वर आला, गाडी थरथरली, आणि धरली. नव्या क्लचनं अशी धरली की मी नकळत टाळी वाजवली. चढ संपला.

मी मागच्या सीटकडं वळून पाहिलं. विल्सन खिडकीबाहेर बघत होता.

"जिंकलीस," तो म्हणाला. "आता कधी विषय काढणार नाही." थोडा थांबून, "खोली रंगवून घेतली होती मी."

"कुठली खोली?"

"तुझी. पूर्वेची, तुला सकाळचं ऊन आवडतं म्हणून. पांढरा दवाखान्यासारखा वाटेल म्हणून फिकट निळा दिला. मागच्याच आठवड्यात झाली. अजून वास आहे रंगाचा."

काल दिवसभर आम्ही ज्याला हरवण्यासाठी घाम गाळला, तो हरल्यावर असा दिसेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला तो पुण्याचा साहेब वाटत होता. तो तर नुसता आईला न्यायला आलेला मुलगा होता. आपण काल फार हसलो, असं वाटून गेलं.

सिस्टरांनी घरापुढं गाडी लावली, हँडब्रेक ओढला, पण उतरल्या नाहीत. आरशातून मागं बघत राहिल्या.

"फिकट निळा?"

"हो."

"पडदे घेतलेस?"

"नाही अजून."

"घेऊ नकोस. तुला रंग कळत नाहीत. मी घेऊन येते नाताळात. पंधरा दिवस राहीन."

विल्सन पुढं सरकला. दोन्ही हात आमच्या सीटांवर. लहान पोरासारखा चेहरा झाला होता त्याचा. "खरंच? मग मी येतो तुला न्यायला. तारीख सांग फक्त."

"तू कशाला?" सिस्टर म्हणाल्या. "गाडी आहे की. मालन येईल सोबतीला."

"आई! पुणं आहे ते! मध्ये खंबाटकीचा घाट आहे!"

"म्हणून तर मालन."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. नवऱ्याला विचारून सांगते, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. निघालं भलतंच.

"सकाळी किती वाजता निघायचं?" मी विचारलं.